हो अण्णा, दोन दिवस बंद ठेवा

तर झालं असं की, एका गुरुवारी सकाळी साडेदहाला आमचा स्टँडअप चालू असताना अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ६६, मुक्काम पोस्ट पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर (आईच्या तोंडून सवयीने अजून औरंगाबादच निघतं). मी पुण्यात. घरचा फोन मीटिंगमध्ये आला की माझे दोन प्रकार ठरलेले आहेत. कट करून 'नंतर करतो' असा मेसेज, किंवा म्यूट करून दबक्या आवाजात अर्ध्या मिनिटात विषय संपवणे. त्या दिवशी दुसरा प्रकार झाला.

"काय करायलास?"

"मीटिंग आहे अण्णा, बोला पटकन."

"शनिवारी ते हार्टचं मशीन लावायचंय ना, त्याच्या आधी ती ठोक्यांची गोळी बंद करावी लागते का रे? आमच्या ग्रुपमध्ये एकांनी सांगितलं की करावी लागते."

मी मोबाइलवर शोधलं. हार्ट टेस्टच्या आधी मेटोप्रोलोल बंद करावी का, असं काहीतरी टाकलं. पहिलंच उत्तर आलं, २४ ते ४८ तास बंद ठेवतात. तेवढ्यात स्क्रीनवर कुणीतरी माझं नाव घेतलं.

"हो अण्णा, दोन दिवस बंद ठेवा," मी म्हणालो आणि अनम्यूट झालो.

ते उत्तर खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. आजची पोस्ट एवढ्यावरच आहे. ज्यांचे आईवडील गावाकडे आणि आपण पुण्या-मुंबई-बंगळूरला बसून त्यांचा 'रिमोट सपोर्ट' करतो, त्यांनी जरूर वाचा.

थोडी पार्श्वभूमी. अण्णांची २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून गोळ्यांचा डबा चालू. त्यातली एक मेटोप्रोलोल, १०० मिलिग्रॅम, दिवसभर हळूहळू सुटत राहणारी. ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी. अ‍ॅड्रिनलिन हृदयाला 'पळ पळ' म्हणून ओरडतं, ते ऐकू येणारे कान ही गोळी अर्धवट बंद करते. मग ठोके कमी, जोर कमी, हृदयाची ऑक्सिजनची गरजही कमी.

दोनेक महिन्यांपासून अण्णांना मधूनच चक्कर यायची. गच्चीवर टाकी बघायला गेले की, किंवा नुसतं खुर्चीतून उठले तरी. डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'होल्टर, २४ तास'. एवढंच. गोळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

आता अण्णांचा स्वभाव सांगायला हवा. त्यांची उभी नोकरी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये गेली. गोळ्या तपासणं हाच धंदा. त्यामुळे चिठ्ठीवर काही लिहिलेलं नाही हे त्यांना खटकलं. पद्धत कुठे आहे? मग सकाळी गारखेड्याच्या क्रीडा संकुलात फिरायला जातात तिथे विषय काढला. तिथल्या एका काकांची महिन्यापूर्वीच ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट झाली होती आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना ठोक्यांची गोळी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली होती. अण्णांना ते एकदम पटलं. लॅबमध्ये मशीनवर आधी ब्लँक चालवतात, म्हणजे औषध न घातलेलं नुसतं द्रावण. तसंच हे, गोळी काढा आणि मूळ हृदय कसं आहे ते बघा. फक्त एकदा इंजिनिअर मुलाला विचारून खात्री करावी म्हणून त्यांनी फोन केला. आणि मुलाने खात्री दिली.

शुक्रवारी रात्री वाकडेवाडीहून शिवाई पकडून मी घरी गेलो. शनिवारी सकाळी आम्ही जाऊन मशीन लावून आलो. छातीला चिकटवलेल्या वायरी, कमरेला काड्यापेटीहून थोडा मोठा डबा आणि एक कागद. कधी काय केलं आणि कधी काय त्रास झाला, ते वेळेसकट त्यावर लिहायचं. मिनिटाला ७० धरले तर दिवसाचे ठोके एक लाखाच्या वर जातात. ते सगळे हा डबा नोंदवतो. ज्यांच्या नावाने हे यंत्र ओळखलं जातं ते नॉर्मन होल्टर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी पहिलं यंत्र केलं, ते पाठीवर घ्यायचं आणि वजन सुमारे ३८ किलो! हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "मग चक्कर यायला यंत्रच पुरे."

शनिवारीही गोळी घेतली नाही, कारण यंत्र चालू होतं ना. माझे 'दोन दिवस' असे आपोआप चार झाले. शेवटची गोळी बुधवारी सकाळची.

रविवारी पहाटे चारला आईने मला उठवलं. अण्णा पलंगावर बसून होते, घामाघूम. छातीत दाबल्यासारखं होतंय म्हणाले. कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटात होता, तो बोटाला लावला. ऑक्सिजन ९७, नाडी १२४. अण्णांची नाडी एरवी साठच्या आसपास. तो लाल आकडा १२४, १२६, १२३ असा लुकलुकत होता आणि मला गुरुवारचं माझंच वाक्य ऐकू यायला लागलं.

गाडी काढली. पहाटेचा जालना रोड रिकामा असतो. सेव्हन हिलच्या पुलावर दिवे पळत होते आणि मागच्या सीटवर आई अण्णांची पाठ चोळत होती. दवाखान्यात लगेच ईसीजी काढला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "रोजच्या गोळ्या चालू आहेत ना?" मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "ठोक्यांची चार दिवसांपासून मीच बंद केलीय. मशीन लावलं होतं म्हणून."

'मीच' म्हणाले. मी गप्प बसलो.

नशीब चांगलं होतं. ईसीजीत अटॅकची चिन्हं नव्हती. हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा केली, दोन्ही वेळा ठीक आली. तिथेच देखरेखीखाली गोळी परत सुरू केली. दुपारपर्यंत नाडी ऐंशीच्या घरात आली आणि संध्याकाळी घरी सोडलं. अजून एक नशीब म्हणजे अण्णांनी बाकीच्या गोळ्या चालू ठेवल्या होत्या. 'हार्टच्या सगळ्याच बंद' असा अर्थ घेऊन स्टेंटसाठीची रक्त पातळ ठेवणारी गोळीही थांबवली असती तर काय, हा विचार मी आजही फार वेळ करू शकत नाही.

गोळी थांबवली की परिणाम फक्त संपायला हवा ना, उलटा कसा झाला? मलाही हाच प्रश्न पडला होता. आमच्या गल्लीतल्या पाण्यावरून मला ते कळलं. पुंडलिकनगरात नळाला पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड आणि कमी दाबाने येत आलंय. समजा म्हणून प्रत्येक घराने दोन-दोन नळ जोडून घेतले, मोटारी बसवल्या. आणि मग एके पहाटे काही न सांगता पूर्ण दाबाने पाणी सोडलं. काय होईल? हौद भरून वाहतील, अंगणात तळं. शरीरही तेच करतं. अ‍ॅड्रिनलिन नीट ऐकू येत नाही म्हणून हृदय हळूहळू जास्त कान उगवतं. गोळीमुळे ते सगळे झाकलेले असतात. गोळी एकदम काढली की नेहमीचंच अ‍ॅड्रिनलिन त्या वाढलेल्या कानांत दुप्पट आवाजात घुमतं. नाडी पळते, बीपी चढतं, आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला छातीत दुखण्यापासून अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं.

हे नवं ज्ञान नाही. या जातीतली पहिली गाजलेली गोळी प्रोप्रॅनोलोल, १९६४ ची. ती शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं. गोळी एकदम बंद केल्यावर होणाऱ्या या उसळीबद्दल डॉक्टरांच्या मासिकांत १९७५ मध्येच लिहून आलं होतं. गोळीसोबतच्या बारीक अक्षरातल्या कागदावरही इशारा असतो, एकदम थांबवू नका, एक-दोन आठवड्यांत हळूहळू कमी करा. तो कागद आपण वाचत नाही. अण्णांनी आयुष्यभर गोळ्या तपासल्या, त्यांनीही नाही. (मी विचारलं. "तो पॅकिंग डिपार्टमेंटचा विषय" म्हणाले.)

मंगळवारी मी सुट्टी वाढवून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. होल्टरचा रिपोर्ट आला होता. सरासरी नाडी ९६. सर्वात जास्त १३१, रविवारी पहाटे. अधूनमधून जास्तीचे ठोके. मंद नाडी कुठेच नाही, चक्करही आली नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटं तो कागद बघितला आणि जे बोलले ते मी जसंच्या तसं नाही, पण अर्थ पक्का लक्षात ठेवलाय.

म्हणाले, मला शंका होती की या गोळीनेच तुमची नाडी फार खाली जाते आणि म्हणून चक्कर येते. ते बघायला मशीन लावलं. तुम्ही गोळीच काढून टाकलीत. आता हा रिपोर्ट दुसऱ्या कुणी, गोळी बंद होती हे माहीत नसताना वाचला असता, तर त्याने काय केलं असतं? ठोके जास्त आहेत म्हणून त्याच गोळीचा डोस वाढवला असता.

मी खुर्चीत थंड पडलो. म्हणजे पहाटेचं ते सगळं एक, आणि त्याच्यावर ही दुसरी चूक शांतपणे रांगेत उभी होती.

अण्णांना मात्र मुद्दा त्यांच्या भाषेत कळला. "म्हणजे सॅम्पल काढून घेतलं आणि ब्लँक तपासायला पाठवला आपण."

मग क्रीडा संकुलातल्या काकांना गोळी बंद करायला सांगितली, ते चूक होतं का? अजिबात नाही. ट्रेडमिलच्या टेस्टची बहुतेक ठिकाणी चालणारी पद्धत रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांची. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढत जातात. निदानासाठी टेस्ट असेल तर नाडी बऱ्यापैकी वर जावी लागते. ढोबळ हिशेब २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के. ६६ वर्षांच्या माणसाला हे १३१ येतं. हृदय एवढं पळवल्यावर रक्तपुरवठा कुठे कमी पडतो का, हे त्यात बघायचं असतं. बीटा ब्लॉकर चालू असेल तर माणूस दमतो पण नाडी तिथे पोचतच नाही. टेस्ट अर्धवट राहते, किंवा असलेला दोष लपून जातो. त्या काकांना आजार आहे का हेच ठरवायचं होतं, म्हणून डॉक्टरांनी विचार करून, दिवस मोजून गोळी थांबवली आणि टेस्ट झाल्यावर लगेच सुरू केली. तीच ट्रेडमिल आधीच आजार असलेल्या माणसाला 'औषधावर असताना कितपत झेपतंय' हे बघायला सांगितली, तर गोळी बहुधा चालूच ठेवतात. टेस्ट तीच, यंत्र तेच, फक्त प्रश्न बदलला की गोळीचं उत्तर बदललं.

आपल्या भाषेत सांगायचं तर बीटा ब्लॉकर म्हणजे रेट लिमिटर. (शब्दशः!) सर्व्हर किती लोड घेऊ शकतो हे बघायचं असेल तर लोड टेस्टच्या वेळी लिमिटर काढावाच लागतो, आणि तो काढणारा माणूस समोर बसून ग्राफ बघत असतो. पण तक्रार अशी असेल की 'प्रॉडक्शनवर रिक्वेस्ट अडकतायत, लिमिटर फार कडक झालाय का बघा', तर लॉग गोळा करायच्या आधी लिमिटर बंद करणाऱ्याला आपण काय म्हणू? आणि तेही थेट प्रॉडक्शनवर, शनिवारी, कुणाला न सांगता? मी ऑफिसात अशा माणसाला सोडला नसता. घरी तो माणूस मीच निघालो.

पंधरा दिवसांनी दुसरा होल्टर लावला, सगळ्या गोळ्या चालू ठेवून. अण्णांनी कागद लॅबच्या रजिस्टरसारखा भरला. '११.४०, गच्ची, टाकीचं झाकण लावताना गरगरलं, खाली बसलो.' रिपोर्टमध्ये ११.४० ला नाडी ३८. झोपेत नाडी चाळिशीत गेली तर फार घाबरायचं नसतं, पण जागेपणी, काम करताना ३८ आणि बरोबर त्याच मिनिटाला चक्कर, हे उत्तर होतं. डॉक्टरांनी डोस १०० वरून ५० वर आणला, मध्ये बोलावून ईसीजी आणि बीपी बघत. आईने पेसमेकरचं विचारलं, ते म्हणाले आधी हे करून बघू. चक्कर थांबलीय. सध्या तरी.

त्या दिवसापासून मी आमच्यासाठी एक छोटी चेकलिस्ट केलीय. कुठलीही टेस्ट सांगितली की डॉक्टरांनाच विचारायचं, तिथेच, केबिनमधून बाहेर पडायच्या आधी:

१. ही टेस्ट आजार शोधायला आहे की चालू औषध कसं काम करतंय ते बघायला?

२. कुठली गोळी बंद, नावासकट? 'बीपीची', 'हार्टची', 'ठोक्यांची' हे नाव नाही. ठोके कमी करणाऱ्या गोळ्याही एका जातीच्या नसतात. डिल्टियाझेम वेगळी, डिगॉक्सिन वेगळी, प्रत्येकीचा हिशेब वेगळा.

३. बंद करायची असेल तर शेवटची कधी घ्यायची, एकदम थांबवायची की कमी करत?

४. परत कधी सुरू करायची, आणि मधे त्रास झाला तर कुणाला फोन?

आणि उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठीवर काही लिहिलं नसेल तर रोजचं सगळं चालू, असंच धरा आणि तरी एक फोन करा. टेस्टच्या वेळी तिथल्या माणसालाही काय काय चालू आहे, काय बंद आहे ते सांगा, म्हणजे रिपोर्टवर तशी नोंद होते.

तरुण मंडळींनी हे वडिलांचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. आमच्या टीममधली एक जण मायग्रेनसाठी रोज प्रोप्रॅनोलोल घेते. तिच्या लेखी ती 'डोक्याची गोळी'. आहे त्याच जातीची. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये ट्रेडमिल असते तेव्हा फॉर्मवर ती लिहायला हवी हे तिला माझी गोष्ट ऐकल्यावर कळलं.

आता शेवटचं, जे लिहायला मला तीन वीकेंड लागले.

रविवारी संध्याकाळी दवाखान्यातून परत येताना मी गाडीत कबूल केलं. म्हणालो, अण्णा, मी नीट वाचलंच नव्हतं. स्ट्रेस टेस्टचं उत्तर होतं ते. कुठली टेस्ट आहे हेही मी विचारलं नाही. आई मागे गप्प. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

"मला माहितीय," म्हणाले. "तुझा आवाज हळू होता. मीटिंगमधला."

"मग डॉक्टरांना 'मीच बंद केली' का म्हणालात?"

"गोळी तोंडात घालायची का नाही, ते माझ्याच हातात होतं ना. आणि तू तिथं उभा होतास. तुला कशाला लाज."

पुढे पुंडलिकनगरचं वळण येईपर्यंत कुणी बोललं नाही.

माझ्याकडे आता एक नवीन उत्तर आहे, आणि ते मी मीटिंगमध्येसुद्धा मोठ्या आवाजात देतो. "अण्णा, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारून सांगतो, तोपर्यंत काही बदलू नका." खरं सांगतो, स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाला पहिले चार शब्द फार जड जातात. पण सवय होते.

परवा अण्णांचा मेसेज आला. चिठ्ठीचा फोटो, खाली त्यांच्या हाताने लिहिलेलं, 'साखरेची तपासणी, उपाशीपोटी. गोळ्यांबद्दल विचारलं. सकाळच्या रक्त दिल्यावर घ्यायच्या. डॉक्टरांची सही घेतली.'

सही खरंच घेतली होती.